ओढा आणखी खोल करू नका, त्याचा तळ वर आणा

माण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या शिवारातून दीड किलोमीटर ओढा जातो. काही वर्षांपूर्वी त्याचं खोलीकरण आणि सरळीकरण झालं. पहिली दोन वर्षं विहिरींना पाणी बरं राहिलं. आता काठ ढासळतात, संक्रांतीच्या आधीच ओढा ठणठणीत कोरडा पडतो, मळईतल्या विहिरी तळ गाठतात आणि मोठा पाऊस झाला की फरशी पुलाचा पाया उघडा पडतो. ग्रामसभेत पुन्हा पोकलेन लावायचं चाललं आहे. लावावं का? की सिमेंटचे बंधारे बांधावेत? आणि काठावरची वेडी बाभूळ काढून टाकावी का?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. तळ खोदण्यासाठी पोकलेन लावू नका. तुमच्या ओढ्याचं दुखणं तळ खाली गेल्याचंच आहे, आणि त्यावर तुमच्या गावात पुन्हा तोच उपाय सुचवला जातो आहे. यंत्र दोन-तीन दिवस लागेल, पण वेगळ्या कामाला. ते पुढे सांगतो.

आधी पाणी कुठे साठतं ते बघू. माणदेशात वर्षाचा पाऊस साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. म्हणजे ओढा वर्षात मोजक्याच वेळा दोन्ही काठ धरून वाहतो. तेवढ्या पुरांतलं जे पाणी काठाच्या मातीत शिरतं, तेच पुढे महिनोन्‌महिने पाझरत राहतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांची मळई, म्हणजे पुराच्या गाळाने बनलेली काठची जमीन, ही तुमच्या गावाची खरी टाकी आहे: वर दीड-दोन परस (एक परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) पोयटा, त्याखाली वाळू-गोटे, मग मुरूम, आणि त्याखाली मांजऱ्या (सच्छिद्र) खडक किंवा काळा पाषाण. तुमच्या मळईतल्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीत उन्हाळ्यात उतरून तिचा काप बघा. हे थर डोळ्यांनी दिसतील, आणि कुठल्या थरातून पाझर येतो तेही ओल्या पट्ट्यावरून कळेल.

ओढ्याचा तळ ही या टाकीची तोटी. तळ दोन मीटर खाली नेला की मळईतलं पाणीही त्या पातळीकडे निथळतं. हिशेब करून बघा. दीड किलोमीटर लांबी, दोन्ही काठांना पन्नास-पन्नास मीटर मळई, म्हणजे १५ हेक्टर. तिथली पाणीपातळी सरासरी फक्त एक मीटर उतरली आणि मातीतून निथळणारं पाणी ८ टक्के धरलं, तर १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर पाणी गेलं. दहा हजार लिटरचे १,२०० टँकर. आणि हे नुकसान एकदाच होत नाही. पात्र खोल असेल तोवर दर वर्षी होतं, कारण पूर मळईवर चढतच नाही आणि टाकी भरतच नाही.

मग पहिली दोन वर्षं विहिरींना पाणी कसं होतं? खोदलेल्या डोहांत जे पाणी दिसत होतं, त्यातलं बरंचसं काठातून निथळून आलेलं, आधीच साठलेलं पाणी होतं. शिवाय ताज्या उघड्या मुरमातून पाझरही चांगला होता. पण पुराबरोबर येणारा बारीक गाळ दोन पावसाळ्यांत तळावर बसतो आणि पाझर बंद करतो. उरलेलं उघडं पाणी ऊन पितं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे या दोन महिन्यांतच अर्धा मीटर. मातीच्या आत असलेल्या पाण्याला ही झळ फारशी लागत नाही.

सरळीकरणाने दुसरं नुकसान केलं. समजा तुमचा ओढा वळणं घेत दीड किलोमीटरमध्ये ९ मीटर उतरत होता. वळणं कापून तो अकराशे मीटरचा केला तरी उतरायचं तेवढंच, ९ मीटर. उतार शंभर मीटरला ६० सेंटिमीटर होता, तो ८० च्या पुढे गेला. त्यात पूर आता खोल चरातच कोंडून वाहतो. पाण्याची खोली दुप्पट झाली की तळावरची ओढ दुप्पट होते. उतार वाढला की ती आणखी वाढते. काठ ढासळतात ते याने. तळ खचला की काठ उंच होतो, उंच काठ ओला झाला की स्वतःच्या वजनाने कोसळतो, कोसळलेली माती पुढचा पूर घेऊन जातो आणि काठ पुन्हा उघडा. अमेरिकेतले भूरूपशास्त्रज्ञ स्टॅन्ली शुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा खचलेल्या ओढ्यांचा क्रम मांडला: आधी तळ खचतो, मग काठ कोसळून पात्र रुंद होतं, मग त्या रुंद पात्रात गाळ बसू लागतो, आणि शेवटी जुन्या मळईच्या खाली एक नवी, छोटी मळई तयार होते. ओढा हे स्वतःच करतो, पण त्याला अनेक दशकं लागतात आणि तोवर तुमची काठची शेतं जातात. आपलं काम हा क्रम आवरता घेण्याचं आहे.

सगळ्यात आधी एक जागा शोधा. जिथे खोलीकरण वरच्या बाजूला संपलं, तिथे जाऊन उभ्या राहा. तिथे पात्रात एक पायरी असेल, कुठे गुडघाभर, कुठे कमरेइतकी. वरून पाणी पडून पायरीच्या पायथ्याशी खळगा झालेला असतो, पायरीच्या तोंडाशी मुरूम पोखरून आत गेलेला असतो आणि वर करंजाची किंवा बाभळीची मुळं हवेत लोंबकळत असतात. ही पायरी दर पुराला वर सरकते. काठावरच्या एका पक्क्या दगडावर चुन्याने खूण करा आणि तिथूनच दर पुरानंतर फोटो काढा. वर येऊन मिळणारे ओहोळ आणि लवणंही हीच पायरी आपल्या अंगात घेतात, मग शेताशेतांत घळी पडतात. दीड किलोमीटरमध्ये अशा दोन-तीन तरी सापडतील. पुलाचा पाया उघडा पडतो आहे, म्हणजे एक पायरी पुलाशी येऊन ठेपली आहे. तुमच्या कामाची सुरुवात इथून करा, बाकी सगळं नंतर.

पायरी थांबवायची तर तिच्यासमोर उभी भिंत बांधू नका. भिंतीवरून पाणी पडतं आणि भिंतीच्या पायथ्याशी नवा खळगा होतो. पायरीचं तोंड यंत्राने मागे ओढून एकास पाच किंवा त्याहून सपाट उतार करा. खळगा गोट्यांनी भरा, उतारावर मोठे, कोपरे असलेले दगड एकमेकांत अडकवून बसवा आणि खालच्या टोकाला सगळ्यात जड दगड जमिनीत अर्धे पुरा. पाणी त्यावरून खळाळत उतरलं पाहिजे, उडी मारता कामा नये.

त्यानंतर तळ वर आणण्याचं काम. त्यासाठी पात्रात बुटके दगडी बांध घाला. उंची दोन फुटांच्या वर नको. मधला भाग टोकांपेक्षा फूटभर खाली ठेवा म्हणजे पाणी मधून जाईल, काठ कापणार नाही. दोन्ही टोकं काठात किमान तीन फूट आत घुसवा. असे बांध फुटतात ते बहुतेक वेळा मधून नाही, टोकाला वळसा घालून. आणि प्रत्येक बांधाच्या खाली पाणी पडतं तिथे दगडांचा थर हवाच. दोन बांधांतलं अंतर ठरवायचा नियम सोपा आहे: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. शंभर मीटरला ६० सेंटिमीटर उतार आणि ६० सेंटिमीटर उंचीचा बांध, म्हणजे अंतर शंभर मीटर. जिथे सरळीकरणाने उतार वाढला, तिथे पाऊणशे मीटर. पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. तुमच्याकडच्या बऱ्याच गावांत श्रमदानाच्या वेळी वापरलेले हायड्रोमार्करही (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारं साधं साधन) पडून असतील.

वरच्या लहान ओहोळांत सुट्या दगडांचे बांध टिकतात. मुख्य ओढ्यात पुराचा जोर मोठा, तिथे जाळीतले दगडी बांध घ्या किंवा दोन माणसांना उचलणार नाहीत असे दगड. दगड ओढ्याच्या तळातून मात्र उचलू नका. तळावरचे गोटे हे त्याचं चिलखत आहे, ते काढलं की खालची वाळू-माती पहिल्याच पुरात सुटते. दगड शेताच्या बांधांवरच्या ढिगांतून आणा, नाहीतर खाणीतला टाकाऊ माल आणा. एक-दोन चांगल्या पुरांत बांधामागे गाळ भरला की त्यावर आणखी एक थर चढवा. असा तळ हळूहळू वर येतो. एकदम उंच बांध घालून घाई केली तर काठ फुटून ओढा शेतात नवी वाट काढतो. पुलाजवळ आणि गावठाणालगत तळ वर आणायचा नाही, तिथे फक्त पायरी रोखून आहे ती पातळी धरून ठेवायची.

आता मळईकडे येतो, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं आणि गावं नेमकं हेच टाळतात. खोदाईतला मुरूम दोन्ही काठांवर ढीग करून ठेवलेला असेल. त्याने दोन तोटे झाले. एक म्हणजे तो दर पावसात धुपून परत पात्रात येतो, आणि दुसरं, तो बांधासारखा उभा राहून पुराला मळईवर येऊ देत नाही. पोकलेनचं काम इथे आहे. हे ढीग काढा. मुरूम शेतरस्त्याला वापरा. मात्र हे गौण खनिज आहे, बाहेर न्यायचा किंवा विकायचा तर तहसील कार्यालयाची परवानगी लागते, हे ठरावातच लिहून ठेवा. सगळे ढीग एकदम निघणार नसतील तर जिथे मळई रुंद आहे, मालक तयार आहे आणि पसरलेलं पाणी खाली पुन्हा सुरक्षित ओढ्यात उतरू शकतं, अशा दोन-तीन जागी तोंडं उघडा. पाणी परत उतरतं त्या जागी दगड-गवताची वाट आधी तयार हवी, नाहीतर तिथेच नवी घळ पडेल.

जिथे पात्र इतकं खोल आहे की तळ काठापर्यंत वर आणणं या पिढीत होणार नाही, तिथे उलट बाजूने जायचं. चराच्या आत, तळापासून दोन-तीन फुटांवर, एका काठाची माती मागे घेऊन पाच ते आठ मीटर रुंदीचा सपाट पट्टा करायचा. दर वर्षी येणारा पूर त्या पट्ट्यावर पसरेल, वेग सोडेल आणि गाळ टाकेल. ही छोटी मळईच झाली. उंच उभा काठ उताराचा झाला की ढासळणंही थांबतं.

अडचण जमिनीची आहे, हे मला माहीत आहे. डाळिंबाची बाग अगदी काठापर्यंत आलेली असते, आणि आठ मीटर सोडा म्हटलं की बैठक मोडते. यावर मी दोन गोष्टी सुचवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार ओढ्या-नाल्यांचं पात्र शासनाचं असतं. गाव नकाशा काढा, भूमी अभिलेखकडून ओढ्याची मोजणी मागा. बऱ्याचदा हवा असलेला पट्टा मुळात ओढ्याचाच निघतो. पण हा कागद भांडणासाठी आधी पुढे करू नका. ज्याच्या शेताचा काठ दर वर्षी पडतो आहे, त्याच्यापासून बोलणं सुरू करा. तो स्वतःहून तयार होतो, कारण पुढच्या चार वर्षांत तेवढी जमीन त्याची तशीही जाणार असते. पट्ट्यावरचं गवत आणि बांबू ज्याचा काठ त्याचा, असा ठराव करा. मारवेलसारखं गवत जनावरांना आवडतं आणि गाळ धरून ठेवतं, दुभत्या जनावरांच्या गावात याची किंमत लगेच कळते. पेरणीचा काळ मात्र सांभाळा. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पेरतात आणि पूरही तेव्हाच येतो. काठाकडचा पट्टा ज्वारीखाली न घेता गवताखाली ठेवला तर पुराने नुकसान होत नाही, वर पोयटा मिळतो.

सिमेंट बंधाऱ्यांचं विचारलंत. जिथे पक्का खडक तळात उघडा आहे आणि दोन्ही काठ मजबूत आहेत, तिथे एखादा चालेल. खचणाऱ्या ओढ्यात साखळीने बांधले तर बंधाऱ्यामागे गाळ अडकतो, खाली गाळाविना आलेलं पाणी तळ आणखी खरवडतं, आणि पाच-सहा वर्षांत बंधाऱ्याचा पायाच उघडा पडतो. आणखी एक गोष्ट मला फार लागते. पहिल्या पुराला चढणीचे मासे खालच्या डोहांतून वर येतात. उंच सरळ भिंत त्यांची वाट कायमची बंद करते. बुटक्या दगडी बांधाच्या फटींतून आणि खळाळातून त्यातले बरेच वर जातात.

शिरपूरचं उदाहरण ग्रामसभेत कुणीतरी काढेलच. सुरेश खानापूरकरांनी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून भूजल वाढवलं, ते काम अभ्यासाने झालेलं आहे. पण तापीच्या खोऱ्यात गाळाचे खूप जाड थर आहेत, वरचा चिकण मातीचा थर भेदला की खाली पाणी मुरायला जागा आहे. तुमच्याकडे काही मीटरवर काळा पाषाण लागतो. तिथे मुरूम काढून टाकणं म्हणजे पाणी धरणारा थरच काढून टाकणं. एखाद्या बंधाऱ्यामागे नुसता गाळ भरला असेल तर तो जरूर काढा आणि हलक्या जमिनीत पसरा. आधी दोन-चार खड्डे घेऊन बघा गाळ किती जाड आहे, आणि मुरूम दिसायच्या फूटभर आधी थांबा.

माथ्याचं काम तुम्हाला माहीत आहे, त्यावर लांबण लावत नाही. गायरानावर आणि डोंगरउतारावर समतल चर, शेतांत ताली आणि बांधबंदिस्ती, वनजमीन असेल तर वन विभागाची संमती. चरांत गाळ भरला असेल तर आधी जुनेच साफ करा, नवे नंतर. मात्र काठांवर आणि नव्या पट्ट्यावर तीन पावसाळे चराईबंदी पाळली नाही तर वरचं सगळं वाया जाईल. मेंढपाळांची वाट आणि पाणवठा वेगळा राखून द्या, मग बंदी पाळली जाते.

लागवडीत झाडांची घाई नको. पहिल्या वर्षी तळालगत वाळा आणि लव्हाळा, काठाच्या उतारावर मारवेल आणि निर्गुडी. निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन फुटी काड्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन तृतीयांश जमिनीत खोचा. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि पूर तिला वाकवतो पण उपटत नाही. काठाच्या वरच्या कडेला करंजाच्या बिया जूनमध्ये थेट टोबा, ओल टिकते तिथे उंबर आणि जांभूळ. पात्राच्या मध्ये झाड लावू नका, पाणी त्याला वळसा घालून काठ कापतं.

पाण्याचा हिशेब केला नाही तर मळई भरेल आणि माघापर्यंत उपसून संपेल. पाणी पंचायतीचा विचार विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला रुजवला. पाणी जमिनीच्या हिशेबाने न वाटता माणशी वाटायचं आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. ते जसंच्या तसं जमेल असं नाही. पण परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरअखेरीला विहिरींची पातळी मोजून रब्बीचं क्षेत्र ठरवणं, ओढ्याच्या पात्रातून थेट मोटारी बंद करणं आणि मळईत नवीन बोअर न घेणं, एवढं तरी ठरावात हवं. बोअर वरच्या थरातलं पाणी खालच्या फटींत उतरवू शकतो, आणि मग ते ना तुमचं ना ओढ्याचं.

मोजमाप आजच सुरू करा. मळईतल्या पाच-सहा विहिरी निवडा, दर अमावस्येला सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडा आणि शाळेच्या भिंतीवर आकडे लिहा. ओढ्याचं वाहणं कोणत्या तारखेला थांबलं, तेही तिथेच. कोरड्या वर्षात काहीच फरक दिसणार नाही. २०१८ सारख्या वर्षात, जेव्हा राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, कुठलंही काम पाणी निर्माण करू शकलं नाही. गावाला बारमाही ओढ्याचं वचन देऊ नका. तुमचा ओढा हंगामी आहे आणि हंगामीच राहील. चांगल्या वर्षात तो आणखी काही आठवडे वाहावा, विहिरी मार्च-एप्रिल गाठाव्यात आणि काठ जागेवर राहावेत, एवढं ध्येय लोकांसमोर ठेवा.

राहिली वेडी बाभूळ. ती एकदम उपटू नका. आज कित्येक ठिकाणी काठ तिच्याच मुळांवर उभा आहे. एका काठाचा, तोही वळणाच्या आतल्या बाजूचा, वीस-पंचवीस मीटरचा तुकडा घ्या, पावसाळ्याआधी वरून तोडा, बुंधे तसेच ठेवा आणि मध्ये निर्गुडी-करंज लावा. वळणाची बाहेरची बाजू, जिथे पूर धडकतो, ती शेवटी घ्या. निर्गुडी खांद्याला लागली की बुंध्याभोवती वीतभर माती उकरून जमिनीखाली तोडा. वरवर तोडलेली बाभूळ दुप्पट फांद्यांनी फुटते.